महागडी सिगार पारखायची कशी: खान्देशची हवा सांभाळून, आपल्या नाकाने

दुबईहून आलेल्या भाच्याने बॅगेतून काढून दिलेली, नाहीतर पुण्या-मुंबईच्या दुकानातून चांगले पैसे मोजून आणलेली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे भारी सिगार येते ती बहुतेक अशीच, एकटी-दुकटी. आणि तिचा निकाल शेतातल्या पार्टीत पाच मिनिटांत लागतो. कुणी म्हणतो 'कडूजहर आहे', कुणी किंमत ऐकून 'वा, काय चीज आहे' म्हणतो. यातलं पहिलं मत बऱ्याचदा आपल्या कोरड्या हवेचं असतं आणि दुसरं बँडवरच्या, म्हणजे सिगारभोवतीच्या कागदी पट्टीवरच्या, नावाचं. सिगारचं मत अजून कुणी ऐकलेलंच नसतं. ते ऐकायचं तर आधी सिगार ठीक अवस्थेत आणावी लागते, मग नाव झाकावं लागतं, मग घाई सोडावी लागते. खाली त्याच क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. धूर छातीत घेत नाहीत म्हणून सिगार निरुपद्रवी, हा समज खोटा आहे. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. तिचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटीन तोंडाच्या आतल्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. तोंड, घसा, अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका खरा आहे. तंबाखूला न शिवणाऱ्याने हा लेख वाचून सुरुवात करू नये. हे लिहिलं आहे ते क्वचित, ठरवून, एखादी चांगली सिगार ओढणाऱ्या प्रौढ माणसासाठी. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा हा कार्यक्रम आपल्या अंगणातला किंवा मळ्यातला.

आधी खरी आहे का ते बघा

सगळ्यात जास्त नकली माल क्युबन सिगारचा निघतो, आणि त्यातही कोहिबा या ब्रँडचा. काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या झाकणाची कोहिबाची पेटी कुणी दाखवली तर पुढे काही बघायची गरज नाही, ती नकली आहे. क्युबन पेटी उलटी करा. तळाशी 'हेचो एन कूबा' आणि 'तोताल्मेंते आ मानो', म्हणजे पूर्णपणे हाताने वळलेली, असा लाकडात डागलेला ठसा असतो. शेजारी शाईने मारलेला कारखान्याचा तीन अक्षरी संकेत आणि पेटी भरल्याचा महिना व साल असतं. आतल्या सगळ्या सिगारी रंगाने जुळणाऱ्या हव्यात, बँड एका रेषेत हवेत. सुटी सिगार हातात आली तर तोंडात धरायच्या टोकाकडची टोपी बघा. चांगल्या क्युबन सिगारला पानाचे बारीक थर एकावर एक बसवलेले असतात, साधारण तीन रेषा दिसतात. नुसता एक तुकडा चिकटवलेला असेल तर शंका घ्या.

क्युबाबाहेरच्या सिगारमध्ये हा त्रास कमी आहे. निकाराग्वाच्या पाद्रोन कंपनीच्या १९६४ अ‍ॅनिव्हर्सरी मालिकेत तर प्रत्येक सिगारच्या बँडवर वेगळा क्रमांक छापलेला असतो. परदेशातून स्वतः आणत असाल तर प्रवाशाला सामानात शुल्कमाफ २५ सिगारींची मर्यादा आहे, आणि तीही सिगारेटच्या ऐवजी, दोन्ही मिळून नव्हे. भारतात रीतसर विक्रीला आलेल्या पेटीवर आरोग्याचा मोठा सचित्र इशारा असतोच. तो नसलेली पेटी 'इथलीच, बिलाची' म्हणून कुणी विकत असेल तर बिल मागा.

सिगार आणि आपला मे महिना

या भागावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण खान्देशात चांगली सिगार इथेच मरते.

सिगार साठवायला हवा लागते ती ६५ ते ७० टक्के आर्द्रतेची आणि १८ ते २१ अंश तापमानाची. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारची हवा पापड वाळवायची असते. उघड्यावर ठेवलेली सिगार अशा हवेत काही दिवसांत कोरडी होते. पानातली सुगंधी तेलं उडतात, बाहेरचं पान तडकतं, आणि पेटवल्यावर ती गवतासारखी भसाभसा जळते. धूर गरम होतो, गरम धूर कडू लागतो. 'कडूजहर'चं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. पावसाळ्यात उलटं होतं. हवा दमट, सिगार फुगते, ओढ बंद होते, बुरशी धरते. पानावर पांढरी धूळ दिसली की ती 'मुरल्याची खूण' आहे असं सांगणारे भेटतात. जवळजवळ प्रत्येक वेळी ती बुरशीच असते. बाहेरच्या पानावर हलकीशी असेल तर पुसून सिगार वेगळी ठेवता येते. पेटवायच्या टोकावर आतपर्यंत शिरली असेल तर टाकून द्या.

कूलरच्या खोलीत सिगार बरी राहील असं अनेकांना वाटतं. राहत नाही. कूलर चालू असताना खोली दमट आणि लाइट गेली की तासाभरात कोरडी. या चढउतारात पान सारखं फुगतं-आकसतं आणि शिवणीवर सुटतं. फ्रिजही नको. आपले फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आतली हवा कोरडी करतात आणि लसणाच्या चटणीचा वास सिगारला देतात.

मग करायचं काय? लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारची ओल राखणारी पेटी, दिसायला देखणा असतो, पण आपल्या हवेत स्वस्तातला ह्युमिडॉर झाकणातून गळतो. घट्ट रबराचं झाकण असलेला, वास नसलेला प्लास्टिकचा किंवा काचेचा डबा घ्या. सिगारच्या पेटीतली देवदारी लाकडाची पातळ पट्टी मिळाली तर आत ठेवा. सोबत ६५ टक्क्यांचं दुतर्फा काम करणारं आर्द्रतेचं पाकीट टाका. बोवेडा कंपनीची ही पाकिटं ऑनलाइन मिळतात. ती हवेत कमी असेल तर ओल देतात आणि जास्त झाली तर शोषून घेतात. ६९ किंवा ७२ ची पाकिटंही मिळतात, पण आपल्याकडे डब्याचं तापमान २५ च्या वर जायची भीती कायम असते, म्हणून मी ६५ च्या वर जाऊ नका म्हणेन.

डब्यात एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा आणि त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका, आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका. मीठ विरघळता कामा नये. ते झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने ७५ दाखवायला हवं, कारण ओल्या मिठावरची बंद हवा त्या आकड्यालाच स्थिरावते. ७१ दाखवलं तर तुमचं यंत्र ४ ने कमी सांगतं हे झाकणावर लिहून चिकटवा.

डबा कुठे ठेवायचा, याचं उत्तर आपल्याकडे जुन्या घरांत आहे. गावाकडचं धाब्याचं, जाड मातीच्या भिंतींचं घर असेल तर आतल्या खोलीतला कोनाडा ही उत्तम जागा. स्लॅबच्या घरात सगळ्यात खालच्या मजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली खोली निवडा. गच्चीखालचं कपाट कधीच नको.

उष्णतेचा दुसरा धोका किडीचा. तंबाखूचा भुंगेरा पानात अंडी घालतो आणि तापमान साधारण २५ अंशांच्या वर राहिलं की ती फुटू शकतात. सिगारवर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक दिसलं तर समजा कीड बाहेर पडली आहे. भारी सिगार उन्हाळ्यातून न्यायची असेल तर आधीच दोन झिप पिशव्यांत हवाबंद करून तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर, आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडा. एकदम बाहेर काढली तर पान तडकतं.

प्रवासातून आलेली सिगार त्याच रात्री पेटवू नका. डब्यात किमान दोन आठवडे पडू द्या, वाळलेली असेल तर महिनाभर. वाळलेल्या सिगारला घाईघाईने ओल दिली की आतला तंबाखू आधी फुगतो आणि बाहेरचं पान फाटतं.

बसायचं कधी

आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीची संध्याकाळ यासाठी उत्तम. पंख्याखाली बसू नका, सिगार एका बाजूने पळते. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, त्यावरून तिथल्या वाऱ्याची कल्पना येईल. तशा उघड्या माळावर सिगार तपासता येत नाही, नुसती जळते.

रिकाम्या पोटी नको, निकोटीन चढतं. पण शेवभाजी किंवा ठेचा खाऊनही नको. मिरचीने जीभ तासभर तरी बोथट होते. खिचडी-कढी, दूध-भाकरी असं सौम्य जेवण करा आणि अर्ध्या तासाने बसा. सोबत साधं पाणी, फार तर बिनसाखरेचा कोरा चहा. पारखायच्या दिवशी दारू नको, अत्तर नको, आणि शेजारी अगरबत्तीही नको. गुळाचा खडा मात्र जवळ असू द्या.

हातात घेऊन

आता बँड झाका. दोन-तीन सिगारी तुलनेला असतील तर घरातल्या कुणाकडून कागदाच्या पट्ट्या गुंडाळून त्यावर क्रमांक लिहून घ्या. १९९२ पासून निघणारं 'सिगार अफिशिओनाडो' मासिकही गुण देताना परीक्षकांना नाव कळू देत नाही. जळगावच्या सराफ बाजारात दागिना कुठल्या पेढीचा यावरून सोन्याचा कस ठरत नाही, तो कसोटीवर घासूनच कळतो. इथे कसोटीचं काम जीभ आणि नाक करतात, आणि नाव दिसलं की दोन्ही लगेच फितूर होतात.

सिगारमध्ये तीन भाग असतात. बाहेरचं देखणं पान, त्याच्या आत बांधणारं पान, आणि पोटातला भराव. भारी सिगारचा भराव लांब, अख्ख्या पानांचा असतो, चुरा नसतो. बाहेरचं पान उजेडात धरा. शिरा बारीक हव्यात, शिवण घट्ट हवी, आणि पानावर हलकी तेलकट चमक हवी. रंगावरून जोर ठरवू नका. मादुरो म्हणतात ते काळपट पान जास्त काळ आंबवलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते फिकट पानापेक्षा गोडसर निघतं.

मग अंगठा आणि तर्जनीत धरून पेटवायच्या टोकापासून टोपीपर्यंत हळू दाबत या. सगळीकडे सारखाच, किंचित स्पंजासारखा दाब लागायला हवा. एखादी जागा दगडासारखी लागली तर तिथे गाठ आहे, ओढ अडणार. पोकळ लागली तर तिथे ती भरभर जळणार. कानाशी धरून दाबल्यावर कुरकुर ऐकू आली तर कोरडी आहे, परत डब्यात ठेवा.

जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. ५० म्हणजे ५०/६४ इंच. पहिल्यांदा पारखणाऱ्याने रोबुस्तो घ्यावी, ५ इंच लांब आणि ५० जाडीची. पाऊण ते एक तास चालते, तेवढ्यात लक्ष टिकतं.

कापणं, पेटवणं

दोन पात्यांचा कटर घ्या. टोपी जिथे गोलाई सोडून सरळ व्हायला लागते त्याच्या वर, दीड-दोन मिलिमीटरच कापा. खाली गेलात तर बाहेरचं पान उलगडतं. दाताने तोडणं, ब्लेडने तासणं नको.

न पेटवता एक झुरका घ्या. याला कोरडा झुरका म्हणूया. हवा किती सहज येते ते बघा आणि चव लक्षात ठेवा. पुढे धुरात काय शोधायचं याचा माग इथेच लागतो. अमोनियाचा भपका आला तर पान पुरेसं आंबवलेलं नाही. ही भारी सिगारमधली गंभीर चूक आहे, गुण कापा.

पेटवायला ब्युटेनचा लायटर किंवा लांब लाकडी काडी. काडीचं गंधक आधी जळून जाऊ द्या. पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास अर्धी सिगार संपेपर्यंत निघत नाही. ज्योत टोकाला लावायची नाही, खाली थोड्या अंतरावर धरून सिगार फिरवत कडा शेकायच्या. कड सगळीकडून काळी होऊन लालसर झाली की पहिला झुरका. मग टोकावर हळूच फुंकून बघा, सगळं वर्तुळ सारखं लाल दिसायला हवं.

ओढताना

मिनिटाला एक झुरका, जास्त नाही. ज्यांना विडीची सवय आहे त्यांना हे जड जातं. टेंभुर्णीचं पान विझतं म्हणून विडी भराभर ओढावी लागते. सिगारला तसं केलं की ती तापते आणि चव करपते. धूर तोंडात घोळवा, जिभेच्या बाजूंना लागू द्या, सोडून द्या. गिळू नका, छातीत घेऊ नका.

चवीचा मोठा भाग नाकात कळतो. चार-पाच झुरक्यांतून एकदा, तोंडातला बहुतेक धूर आधी सोडून उरलेला अगदी थोडा नाकावाटे बाहेर काढा. पहिल्यांदा झिणझिण्या येतात. इथे मिऱ्याचा तिखटपणा कळतो. तो नाकाच्या वरच्या भागात चढतो आणि विरतो. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीजवळून जाताना जो ठसका घशाला लागतो तसा लागत असेल तर तो मसाला नव्हे, सिगार तापली आहे किंवा पान कच्चं आहे.

चव लिहिताना परदेशी यादीतले शब्द पाठ करू नका. कधी न हुंगलेल्या बेरीचं नाव लिहून काय मिळणार? आपल्याकडे वासांची कमी नाही. पेन्सिल तासताना येतो तो देवदारी वास. कोऱ्या वहाणांचा चामड्याचा वास. कडब्याच्या गंजीचा. भाजलेले शेंगदाणे. काळ्या मसाल्यासाठी भाजलेलं खोबरं, विशेषतः ते तांबूस होऊन तेल सुटतं तेव्हाचं. मृगाच्या पहिल्या पावसानंतरची काळी माती. सातपुड्यातल्या वाळलेल्या मोहफुलांचा गोडसर आंबूस वास, जो मला चांगल्या मादुरोत हमखास भेटतो. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या भरिताच्या वांग्याचा धुरकट वास केंटकी पान असलेल्या सिगारींत येतो, कारण ते पान खरोखरच लाकडाच्या धुरावर वाळवलेलं असतं.

तीन गोष्टी वेगळ्या मोजा, इथे बहुतेकांची गल्लत होते. जोर म्हणजे निकोटीन किती चढतं. भरीवपणा म्हणजे धूर तोंडात किती दाट लागतो. चव ती चवच. एखादी सिगार जोराने हलकी आणि चवीने श्रीमंत असू शकते. आपल्याकडे 'कडक' म्हणजे 'चांगली' हे समीकरण तंबाखू-चुन्यातून आलेलं आहे, सिगारला ते लावू नका.

सिगारचे तीन टप्पे करा आणि प्रत्येकाला दोन ओळी लिहा. पहिल्यात ओळख होते. दुसऱ्यात सिगारचा खरा स्वभाव कळतो, भारी सिगारने इथे काहीतरी नवं दाखवायलाच हवं. तिसऱ्यात उष्णता आणि डांबर साचतं, जोर वाढतो. त्यातही कडवटपणा न येता गोडी टिकली तर सिगार उत्तम वळलेली आहे. अधूनमधून एकदा हळूच उलटी फुंक मारली तर साचलेला कडवट धूर निघून जातो.

जळण्याकडेही लक्ष द्या. भरावात रोपाच्या शेंड्याची लिहेरो पानं जाड आणि जोरदार असतात, ती सावकाश जळतात, म्हणून कुशल कारागीर ती बरोबर मध्यभागी ठेवतो. ती बाजूला सरकली तर एक कड मागे राहते. थोडा वाकडेपणा आपोआप भरून येतो, ज्योतीने एकदा दुरुस्त करणंही क्षम्य. सारखं दुरुस्त करावं लागलं तर गुण कापा. राख इंचभर टिकली तर वळण चांगलं. पांढरी राख म्हणजे भारी सिगार, असं मात्र नाही. रंग पानातल्या मॅग्नेशियमसारख्या खनिजांवर आणि म्हणून मातीवर अवलंबून असतो.

घाम आला, गरगरलं, मळमळलं की लगेच थांबा. गूळ खा, पाणी प्या. बोटांना चटका लागायला लागला की सिगार राखदाणीत ठेवून द्या. ती आपोआप विझते. चिरडलीत तर घरभर घाण वास राहतो.

गुण आणि भाव

१०० पैकी गुण द्या: बनावटीला २०, ओढ आणि जळण्याला २०, चवीला ४०, बदल आणि शेवटाला २०. गुण वहीत उतरवल्यावरच कागदाची पट्टी सोडून नाव बघा, आणि नाव बघितल्यावर आकडा बदलू नका. एका सिगारवरून निकाल नको. हाताने वळलेला माल आहे, एखादी गाठाळ निघतेच. तीच सिगार महिन्याने पुन्हा ओढा. दोन्ही वेळच्या गुणांत दहाच्या वर फरक पडला तर एकतर तुमच्या डब्यात गडबड आहे किंवा त्या कारखान्यात सातत्य नाही. मीठ आणि मापक पुन्हा काढा म्हणजे कोणतं ते कळेल.

किमतीबद्दल माझं मत ठाम आहे. पान किती वर्षं मुरवलं, बाहेरचं पान किती निवडून घेतलं, याचे पैसे रास्त आहेत. पण भावात बाकीचंही पुष्कळ असतं. २०२२ मध्ये क्युबन सिगार विकणाऱ्या हवानोस कंपनीने कोहिबा आणि त्रिनिदाद या ब्रँडचे भाव जगभर हाँगकाँगच्या पातळीवर नेले. त्याने पान सुधारलं नाही. त्यावर आपल्याकडचं आयात शुल्क आणि कर. म्हणून एका नामांकित क्युबनच्या किमतीत निकाराग्वाच्या एस्तेली भागातली एक आणि डोमिनिकन रिपब्लिकची एक अशा दोन घ्या, आणि तिघींना क्रमांक लावून वेगवेगळ्या संध्याकाळी बसा. तुमच्या वहीत कोण वर येतं त्यावर पुढची खरेदी करा. खरेदी दिवाळीनंतर करा, पाचांच्या वर नको, म्हणजे होळीपर्यंत ओढून होतील. उरलीच एखादी, तर मार्च संपायच्या आत फ्रीझरचे तीन दिवस उरकून तिला आतल्या कोनाड्यातल्या डब्यात हलवा आणि पाकीट नवं टाका.